घर आणि तारीख

मुंबईच्या घरांचा इतिहास कोणत्या दिवसापासून सांगावा, असे विचारले तर बहुतेक अभ्यासक १८९६ च्या प्लेगकडे बोट दाखवतील. काही जण पहिल्या गिरणीपर्यंत मागे जातील. मला मात्र १ सप्टेंबर १९४० हा दिवस सांगावासा वाटतो. त्या दिवशी शहरात इतिहासाने नोंद घ्यावी असे काही घडलेले नव्हते. महायुद्ध सुरू होऊन वर्ष झाले होते आणि महागाईची खरी झळ अजून बसायची होती, एवढेच. परंतु १९४७ साली मुंबई सरकारने भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रणाचा कायदा केला, तेव्हा 'प्रमाण भाडे' म्हणजे काय हे ठरवण्यासाठी त्याने हाच दिवस निवडला. त्या दिवशी जी जागा ज्या भाड्याने दिलेली होती तेच तिचे रास्त भाडे. जागा त्यानंतर प्रथमच भाड्याने गेली असेल, तर पहिल्यांदा ठरलेले भाडे हेच यापुढचे भाडे. करवाढीसारखी काही किरकोळ कारणे सोडली तर मालकाला त्यात वाढ करता येणार नव्हती. तात्पुरती व्यवस्था म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत शतक संपेपर्यंत टिकला. गिरगावातल्या आणि लालबागमधल्या कितीतरी कुटुंबांच्या तीन पिढ्या त्या एका दिवसाच्या भाड्यात वाढल्या.

घरटंचाईवरचा उपाय म्हणजे नवी घरे बांधणे, किंवा असलेली घरे परवडतील अशी व्यवस्था करणे, असे आपण साधारणपणे समजतो. मुंबईत गेल्या सव्वाशे वर्षांत दोन्ही करून पाहिले गेले. पण या काळातले कायदे आणि नियम एकापुढे एक ठेवून वाचू लागलो की वेगळीच गोष्ट नजरेत भरते. दर वेळी शासनाने एक तारीख ठरवली, त्या तारखेला जो आत होता त्याला हक्क दिला, आणि जो नंतर आला त्याच्याविषयी मौन पाळले. मुंबईत भाडेकरूचा मालक होत गेला तो मुख्यतः याच वाटेने. साहित्याच्या अभ्यासकांनी या कोरड्या कागदपत्रांत का डोकवावे, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या कथा-कादंबऱ्यांतली निम्मी माणसे ज्या खोल्यांत राहतात, त्या खोल्या या कागदांनी घडवल्या आहेत, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

प्लेग आला मांडवीत, १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नमुना ग्लासगो शहराचा होता. रोग कोंदट खोल्यांतून, दूषित हवेतून पसरतो ही त्या काळची पक्की समजूत. तेव्हा दाट वस्ती पाडावी, रुंद रस्ते काढावेत, समुद्रावरचा वारा शहराच्या आत येऊ द्यावा, अशी योजना आखली गेली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्या वाऱ्याची वाट. नागपाड्यापासून ट्रस्टची पाडापाडी सुरू झाली. ट्रस्टने पाडले भराभर आणि बांधले सावकाश. ज्यांची खोली गेली ते बहुधा शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत जाऊन राहिले. म्हणजे गर्दी कमी करण्यासाठी काढलेल्या योजनेने गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवली. घरटंचाईवरच्या धोरणाने घरे कमी केल्याचे हे मुंबईतले पहिले मोठे उदाहरण म्हणावे लागेल.

तरीही ट्रस्टला केवळ दोष देऊन पुढे जाता येत नाही. त्याने बांधलेल्या चाळींत पक्के जिने होते, नळ होते, आणि दार म्युनिसिपालिटीच्या माणसालाही ओळखता येईल असा क्रमांक होता. परळच्या ट्रस्ट चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. कोलंबिया आणि लंडन येथले शिक्षण, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हा सारा काळ परळच्या त्या दोन खोल्यांशी जोडलेला आहे. पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. दादर-माटुंग्याचा हा भागही ट्रस्टनेच आखलेला. एकाच संस्थेने एकीकडे मजुरांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या आणि दुसरीकडे मध्यमवर्गासाठी भूखंड आखले. एका माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही टोके आली हा अपवाद. बाकी शहराने ती टोके वेगवेगळीच ठेवली.

याच सुमारास मालकीची आणखी एक कल्पना रुजत होती. १९१२ च्या कायद्याने पतपेढीखेरीज अन्य हेतूंसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली; तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तलमकी यांचे श्रम होते. तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. इमारत संस्थेच्या मालकीची; सभासद हा संस्थेचा भागधारक आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू. आपण आपल्यालाच भाडे द्यायचे, आणि नफा कोणी घ्यायचा नाही. आजही महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकांच्या बहुसंख्य सोसायट्या कायद्याच्या वर्गवारीत 'भाडेकरू सहभागीदारी' संस्था म्हणून नोंदल्या जातात, हे त्यांच्या किती सभासदांना ठाऊक असेल कोण जाणे. दारावर 'ओनर' अशी पाटी आणि नोंदणीच्या कागदावर 'भाडेकरू' हा शब्द. शब्दाने जुनी कल्पना जपून ठेवली, व्यवहाराने ती केव्हाच टाकून दिली.

या संस्थेच्या नावातच एका ज्ञातीचे नाव आहे. तेव्हा ते कोणाला खटकले नाही, कारण ज्ञातीच्या विश्वासावरच भांडवल उभे राहत होते. पण पुढे गृहनिर्माण संस्था हा शहरात घर मिळवण्याचा मुख्य मार्ग झाला, तेव्हा दार कोणासाठी उघडायचे हा प्रश्न साधा राहिला नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातली शीर्षककथा या संदर्भात पुन्हा वाचावी. रेल्वेतल्या नोकरीसाठी परमुलखात गेलेल्या तरुणाला राहायला खोली हवी असते, आणि खोलीसाठी त्याला जात लपवावी लागते. आपण ती कथा विद्रोहाची म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. पण तिचा प्रारंभ एका भाड्याच्या खोलीच्या शोधात आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. घरटंचाईचे आकडे सर्वांना सारखे लागू नसतात. ज्याला दहा दारे बंद आहेत, त्याच्यासाठी शहर भरलेले नसतानाही भरलेलेच असते.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी चढली. १९१८ मध्ये भाड्यांवर पहिला निर्बंध आला. तो दशकभर टिकला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी नवे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची घोषणा केली. पैसा कर्जातून आणि कापसाच्या दर गाठीवर बसवलेल्या एक रुपयाच्या उपकरातून उभा राहायचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, प्रत्येकीत ८० खोल्या. म्हणजे सोळा हजारांच्या थोड्या वर. खोली १६० चौरस फुटांची. तीच बी. डी. डी. चाळ. बांधकाम महाग पडले, त्यामुळे भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले. वरळी तर तेव्हा गिरण्यांपासून लांब, आडबाजूला. कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत भाडेकरू येईनात म्हणून सत्याग्रही कोंडले गेले, हा प्रसंग एखाद्या प्रहसनात शोभला असता. शिल्लक राहिला तो १६० हा आकडा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता पुन्हा १९४७ च्या कायद्याकडे वळू. त्याच्यावर टीका करणे अलीकडे फार सोपे झाले आहे. भाडे गोठवले म्हणून मालकाने दुरुस्ती केली नाही, दुरुस्ती नाही म्हणून इमारती कोसळल्या, आणि भाड्यात पैसा नाही म्हणून भाड्याची घरे बांधणे बंद झाले, अशी ही साखळी आहे. ती खोटी नाही. मात्र ती सांगणाऱ्यांना कायद्याची दुसरी बाजू सहसा दिसत नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरात येत होते. मालकाला मोकळे सोडले असते तर गिरणी कामगार, कारकून, शिक्षक यांना दक्षिण मुंबईत टिकताच आले नसते. गिरगावात, दादरला, लालबाग-परळला जे मराठी सार्वजनिक जीवन बहरले, त्यातली नाटके, व्याख्यानमाला, युनियनच्या सभा, संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, त्या साऱ्याला गोठलेल्या भाड्याचा अदृश्य आधार होता. एखाद्या सरकारी अनुदानाने झाले नसते इतके काम या कायद्याने केले, आणि त्याचा सगळा खर्च चाळमालकावर टाकला. माझ्या मते दोष भाडेकरूला संरक्षण दिले यात नाही. संरक्षण देऊन झाल्यावर शासनाने नव्या भाड्याच्या घरांची जबाबदारी पुरेशी उचलली नाही, यात तो आहे.

कारण जे गोठवले जाते त्याचा काळाबाजार होतोच. खोलीचे भाडे महिना वीस रुपये, पण ती खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाला आणि जाणाऱ्या भाडेकरूला रोख रक्कम द्यायची. तिला नाव पागडी. मालकाचा हिस्सा बहुधा एक तृतीयांश. कायद्याने पागडी गुन्हा होती, व्यवहारात ती शहराची दुसरी नोंदणी कचेरी होती. 'पावती नावावर करणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. साध्या भाडेपावतीला खरेदीखताचे वजन आले, आणि भाडेकरू हा अर्धा मालक झाला: त्याला काढता येत नाही, त्याच्या पश्चात मुलगा त्याच खोलीत, आणि खोली सोडायची तर किंमत मिळते. मालकाकडे उरली ती जमीन, कराचे बिल आणि गळके छप्पर.

छप्पर कोसळू लागले तेव्हा शासनाने १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. अशा १९,६४२ इमारती नोंदल्या गेल्या. त्यांचे तीन वर्ग केले. 'अ' वर्ग कोणता, तर १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारतींचा. निव्वळ भाडे मोजण्यासाठी निवडलेली तारीख आता इमारतीचे वय, तिची दुरुस्ती आणि पुढे तिच्या पुनर्विकासात मिळणारे चटईक्षेत्र ठरवू लागली.

तोपर्यंत मालकांनी एक पळवाट काढली होती. भाडेकरू ठेवायचाच नाही. 'अनुज्ञप्तीधारक' ठेवायचा, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे अनुज्ञप्तीधारक म्हणून राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरू मानले गेले. त्या दिवशी आत असलेल्याचे भाग्य उघडले. त्यानंतरच्याचे काय झाले, हे ज्यांनी मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर संसार केले आहेत त्यांना विचारावे. मालक सावध झाले. जागा कुलूप लावून ठेवणे त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागले. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड उचलणे हा मध्यमवर्गीय तारुण्याचा एक संस्कारच होऊन बसला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या गोठवणुकीला काळाच्या ओघात मनमानी ठरलेली तरतूद म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात पाच टक्के आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढ दिली, मोठ्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले आणि पागडीला मान्यता दिली. वीस रुपयांचे चार टक्के किती होतात ते वाचकांनी स्वतः काढावे.

भाड्यासाठी बांधणे आतबट्ट्याचे झाले तेव्हा बांधणारे विकण्याकडे वळले. 'ओनरशिप' हा शब्द मराठी घरांत याच काळात शिरला, आणि त्याच्या जोडीला 'ब्लॉक'. "डोंबिवलीला ओनरशिपचा ब्लॉक घेतला" हे वाक्य साठच्या-सत्तरच्या दशकातल्या लग्नाच्या बोलणीत मुलाच्या पगाराइतकेच मोलाचे होते. बिल्डर एकच फ्लॅट दोघांना विकत, नकाशा बदलत, ताबा लांबवत; त्यांना आवर घालण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. देशात अशा तऱ्हेचा विचार इतका लवकर झाला हे कौतुकाचे आहे. पण त्याने बांधकामदारावर टाकलेले महत्त्वाचे कर्तव्य, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणे, हजारो संस्थांच्या बाबतीत कागदावरच राहिले. अखेर २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. भिंती आपल्या, जमीन बिल्डरची, आणि मालकीची पाटी दारावर, अशी ही मालकी. १९७७ मध्ये एच. टी. पारेख यांनी एच. डी. एफ. सी. काढली आणि पगारदाराला गृहकर्ज मिळू लागले, तेव्हा उतारवयातल्या प्रॉव्हिडंट फंडाऐवजी तरुणपणीच्या हप्त्यावर घर घेता येऊ लागले. आदल्या वर्षीच्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळी जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळेल असे वाटले होते. ती अडकून राहिली, आणि २००७ मध्ये राज्याने तो कायदा रद्द केला. या प्रकरणावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गृहनिर्माण मंडळानेही स्वातंत्र्यानंतर भाड्याच्या वसाहती बांधल्या; विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर ही नावे सर्वांना परिचित आहेत. कालांतराने तिथले गाळेही रहिवाशांच्या मालकीचे झाले. १९७७ मध्ये मंडळाचे म्हाडात रूपांतर झाले आणि घर 'वाटप' होण्याऐवजी 'लागू' लागले. "म्हाडाचे घर लागले" या वाक्यातले क्रियापद पाहा. लॉटरी लागते, नोकरी लागते, तसे घर लागते. नागरिकाचा हक्क आणि नशीब यांतले अंतर एका क्रियापदाने मिटवले आहे.

मराठी साहित्याने या बदलाची नोंद कशी घेतली? चाळ आपल्याकडे विपुल आहे. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली, आणि तिच्यातले शेवटचे 'चिंतन' विनोदाकडून हुरहुरीकडे वळते. 'मुंबईचा जावई' या १९७० च्या चित्रपटात नवविवाहितांना एकांत मिळत नाही हेच कथानक आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये चाळीतली खोली टिकून आहे आणि तिला पोसणारी गिरणी गेली आहे. खोलीतला कोंडमारा, शेजार, सण, भांडणे या सर्वांची वर्णने आपल्या लेखकांनी जीव लावून केली. पण चाळीचा मालक, त्याचा भाडे गोळा करणारा भय्या किंवा मेहताजी, पागडीचा रोख व्यवहार, कोर्टात वीस वर्षे चाललेला दावा हे मात्र बहुधा पडद्याआडच राहिले. मला वाटते, आपला बहुतांश लेखकवर्ग त्या तारखेच्या आतला होता. ज्याला भाड्याची चिंता नाही, त्याला चाळीविषयी हुरहुर वाटू शकते. बाहेरचा माणूस बागुलांनी लिहिला, भाऊ पाध्यांनी लिहिला, जयवंत दळवींनी 'चक्र'मध्ये, मधु मंगेश कर्णिकांनी 'माहीमची खाडी'त लिहिला. आणि अण्णा भाऊ साठे तर घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडपट्टीत राहूनच लिहीत होते. त्यांना गोरेगावला सरकारी घर मिळाले ते १९६८ मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

झोपडपट्टीच्या धोरणात तारीख अगदी उघडपणे समोर येते. १९७६ च्या जानेवारीत एकाच दिवशी मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली. अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली आणि कुटुंबाच्या छायाचित्रासह ओळखपत्रे दिली गेली. त्या दिवशी घरी असलेला 'गणना झालेला' ठरला. १९८१ च्या भर पावसाळ्यात शासनाने पदपथांवरील वस्ती हटवण्यास सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी, म्हणजे निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यातले तत्त्व विधी महाविद्यालयांत आजही शिकवले जाते. मात्र त्याच निकालाने पावसाळ्यानंतर हटवण्याची मोकळीक दिली, आणि पर्यायी जागा कोणाला, तर १९७६ च्या गणनेचे पत्र ज्याच्याकडे आहे त्याला. तत्त्व सर्वांसाठी आणि जागा तारखेपुरती, असे हे दोन भाग एकाच निकालात शेजारी शेजारी आहेत.

पुढे तारखा सरकत गेल्या: १९८०, १९८५, मग १ जानेवारी १९९५. त्या वर्षी सत्तेवर आलेल्या युती सरकारने चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घराचे आश्वासन दिले होते. पूर्वीच्या योजनांत रहिवाशाने काही रक्कम भरायची असे. आता बिल्डरने २२५ चौरस फुटांचे घर फुकट बांधून द्यायचे आणि उरलेल्या जमिनीवर वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च व नफा काढायचा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण त्यासाठीच आले. जिथे जमीन महाग तिथे बिल्डर धावत आले, जिथे स्वस्त तिथे कोणी फिरकले नाही. त्यामुळे आश्वासन आणि प्रत्यक्ष यांत फार मोठे अंतर राहिले. या योजनेने मराठीला एक शब्दजोडी दिली: पात्र आणि अपात्र. नाटकातले पात्र आणि मतदारयादीतले पात्र यांत फरक एवढाच, की दुसऱ्याला आपण रंगमंचावर आधीपासून होतो हे कागदाने सिद्ध करावे लागते. २०१४ मध्ये ही तारीख १ जानेवारी २००० झाली. नंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घर देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये निश्चित झाली. दर निवडणुकीआधी तारीख पुढे सरकणार हे सर्वांनाच कळून चुकले आहे, आणि ज्याला ते कळले आहे तो थांबून राहतो. तो मूर्ख नाही. या शहराने त्याला शिकवलेला तोच एक गृहनिर्माणाचा धडा आहे.

गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली तारीख १ जानेवारी १९८२. त्याच महिन्याच्या अठरा तारखेला संप सुरू झाला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी राखला. २००१ मध्ये नियमात बदल होऊन हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीवर मोजायचा ठरला, तो फारच आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. ज्या कामगारांच्या घामावर त्या जमिनी उभ्या होत्या त्यांच्यासाठी २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदार लाखाच्या वर होते.

आणि १६० चौरस फूट? २००८ मध्ये एम. एम. आर. डी. ए.ने भाड्याच्या घरांची योजना आणली. पन्नास-साठ वर्षांनंतर शासनाला भाडेकरूची आठवण झाली होती. खोली बी. डी. डी. चाळीइतकीच, १६० चौरस फुटांची. योजना फार काळ चालली नाही. पनवेलजवळ कोन येथे बांधलेल्या अशा खोल्यांपैकी दोन-दोन एकत्र करून ३२० चौरस फुटांची घरे केली गेली आणि २०१६ च्या सोडतीत ती गिरणी कामगारांना सहा लाख रुपयांत विकण्याचे ठरले. भाड्याचे घर पुन्हा मालकीचे झाले. वरळीत बी. डी. डी.च्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, मोफत, मालकीने. शंभर वर्षे त्या खोलीत राहिलेल्या कुटुंबांना ते मिळाले याचा आनंद न मानणारा माणूस करंटा म्हणावा लागेल. फक्त कामगाराने भाड्याने राहावे म्हणून सरकारने बांधलेली सोळा हजार घरे या वाटेने शहराच्या भाड्याच्या साठ्यातून कायमची वजा होत आहेत, आणि त्यांच्या बदली तशी घरे कोणी बांधत नाही.

भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत दोन आकडे आहेत. देशाच्या नागरी भागात भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. आणि रिकाम्या घरांत मुंबई देशात पहिली, सुमारे ४.८ लाख. पहिल्या आकड्याकडे मालकीचा विस्तार म्हणून अभिमानाने पाहता येईल. दुसरा आकडा शेजारी ठेवला की तो अभिमान थोडा अडखळतो. नव्याने आलेल्या तरुणाला, विधवेला, बदलीच्या नोकरदाराला, नाका कामगाराला मालकी नको असते किंवा परवडत नसते. त्याला काही वर्षांसाठी सुरक्षित छप्पर हवे असते. आपल्या धोरणांनी सुरक्षितता फक्त मालकीलाच जोडली, आणि भाडेकरूपण हे एक तर पिढीजात वतन केले, नाही तर अकरा महिन्यांची पाहुणचाराची मुदत.

धारावीच्या पुनर्विकासात सध्या या सगळ्या तारखा एकाच वस्तीत मांडलेल्या दिसतात. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फूट, मोफत. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्याला धारावीबाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाखांत. २०११ नंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेल्याला, आणि त्या दिवसापर्यंत वरच्या मजल्यावर राहत असलेल्याला, धारावीबाहेर भाड्याने, पुढे विकत घेण्याच्या सोयीसह. सर्वेक्षण करणारे घरोघर जाऊन कागद पाहतात. वरच्या मजल्यावरचा, लोखंडी शिडीने चढून जाणारा माणूस सहसा खालच्याचा भाडेकरू असतो. त्याने दर महिन्याला भाडे दिलेले असते. पावती कोणी दिलेली नसते.